डोळे आल्यावर गॅन्सिक्लोव्हिरचं इंजेक्शन घेऊ नका

‘डोळे आलेत? गॅन्सिक्लोव्हिरचं एक इंजेक्शन घ्या, दोन दिवसांत साफ’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे, कृपया पुढे पाठवू नका. डोळ्यांची साथ बहुधा अ‍ॅडिनोव्हायरसची असते आणि आठ-पंधरा दिवसांत आपोआप ओसरते. हे विषाणूविरोधी इंजेक्शन सायटोमेगॅलो विषाणूने रेटिना (डोळ्याच्या आतला पडदा) पोखरायला घेतला तर देतात, तेही बहुतेक करून एड्सच्या किंवा अवयव प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांना. त्यांचा डोळा सहसा लाल नसतोच. नजरेसमोर काळे ठिपके तरंगतात. औषध सलाइनमधून तासभर सावकाश सोडतात, तरी शिरेची आग होते. पांढऱ्या पेशी, प्लेटलेट घसरतात, म्हणून वरचेवर रक्त तपासावं लागतं. गरोदरपणात बाळालाही धोका. डोळे आले असतील तर टॉवेल वेगळा ठेवा. अंधुक दिसलं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.