थरथर बंद करून दिली, मालक

सोलापुरात टंबलर म्हटलं की माणसाच्या डोळ्यासमोर पेला येतो. स्टीलचा, काठ वळवलेला, कॉफीचा. त्यामुळे मे महिन्यात भर दुपारी रिक्षात बसून मी "टंबलर रिपेअरला न्यायचाय, अशोक चौकात घ्या" असं म्हणालो तेव्हा रिक्षावाल्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं, मग मांडीवरच्या गोणपाटात गुंडाळलेल्या प्रकाराकडे बघितलं आणि सहानुभूतीनं एवढंच विचारलं, "डाग द्यायचाय का?"

डाग द्यायचा असता तर बरं झालं असतं. भांड्याला डाग देणाऱ्याला आपण काय करतोय ते तरी माहीत असतं.

तर झालं असं की माझा मेहुणा असतो टेक्सासात आणि त्याला नेमबाजीचा नाद. तिकडं ते रीतसर चालतं. मैदानावर गोळ्या झाडून झाल्या की हे लोक खाली पडलेल्या पितळी पुंगळ्या वेचून घरी आणतात, कारण काडतुसात सहसा सगळ्यात महाग वस्तू ती पुंगळीच आणि ती पुन्हा पुन्हा भरता येते. पण भरायच्या आधी स्वच्छ पाहिजे, नाहीतर चिकटलेली रेती पुंगळी परत आकारात आणायच्या साच्याला ओरखडे पाडते. त्यासाठी हे टंबलर. वर एक प्लॅस्टिकचं वाडगं, खाली स्प्रिंगा, त्याखाली मोटर आणि मोटरच्या दांड्याला मुद्दाम एकाच बाजूला बसवलेलं वजन. मोटर फिरली की अख्खं वाडगं हिवताप भरल्यासारखं थडथडतं, आत मक्याच्या कणसांचा नाहीतर अक्रोडाच्या कवचांचा भरडा असतो तो पुंगळ्यांना घासत गोल गोल फिरतो आणि दोन-तीन तासात पितळ लख्ख. हे सगळं तो जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला आला होता तेव्हा आमच्या सोफ्यावर पाय वर घेऊन सांगत होता, आणि त्याच वेळी खाली आई बसून चिंचेच्या कोळानं देव घासत होती. मी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा आईकडे.

आमच्याकडे पितळ म्हणजे नुसतं पितळ नाही, ती जबाबदारी आहे. दोन समया, चार निरांजनं, पंचपाळं, घंटा, अन्नपूर्णा, रांगता बाळकृष्ण, शिवाय कुणी कधी दिली ते कुणालाच सांगता येत नाही अशा आठ-दहा वस्तू. आईचं मनगट दुखायला लागल्यापासून हे खातं माझ्याकडे आलंय. ही बदली आहे की बढती ते आमच्या घरात कुणी बोलत नाही.

एप्रिलमध्ये मेहुणा एका लग्नाला परत आला आणि येताना खरंच त्याचं जुनं टंबलर घेऊन आला. वाडगं मात्र कोरं करकरीत, कारण जुन्या वाडग्यात काडतुसाच्या टिकलीतल्या शिशाची धूळ बसलेली असते म्हणून ते तिकडंच टाकून दिलं. "दाजी, तरीपण यात जेवायची भांडी घालू नका हां." हे वाक्य बायकोनं नेमकं ऐकलं आणि तेव्हापासून त्या मशीनची जागा घरात नाही, गॅलरीत, चपलांच्या रॅकशेजारी.

पहिला धडा विजेचा. मशीन अमेरिकन म्हणजे ११० व्होल्टवर चालणारं, आपल्याकडे २३०. सरळ प्लगात घातलं असतं तर पितळ नाही, गॅलरी उजळली असती. नव्या पेठेतून एक स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर आणला, तो मशीनपेक्षा जड. लावला, बटण दाबलं, आणि मशीन चालायला लागलं. चालायला म्हणजे शब्दशः. मी आत जाऊन पाणी पिऊन येईपर्यंत ते चपलांच्या रॅकपासून कठड्यापर्यंत गेलं होतं, आणखी पाच मिनिटं दिली असती तर खालच्या गल्लीत उतरलं असतं. मग खाली जुनी सोलापुरी चादर चार घड्या घालून ठेवली. पाय थांबले पण आवाज काय थांबेना. खालच्या मजल्यावरचे काका, ज्यांची अख्खी नोकरी पूर्व भागात यंत्रमागाच्या खडखडाटात गेली, ते वर आले, दारात उभं राहून दोन मिनिटं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "माग टाकलाव काय हो घरात?"

दुसरा धडा भरड्याचा. मक्याच्या कणसांचा भरडा म्हणून जे काय असतं ते सोलापुरात कुठल्या दुकानात मागायचं? भुसार दुकानदार म्हणाला पशुखाद्याच्या दुकानात बघा, पशुखाद्यवाला म्हणाला किती जनावरं आहेत तुमच्याकडं. मेहुण्याला फोन केला तर तो म्हणे काही लोक तांदूळसुद्धा वापरतात. म्हणून मी डब्यातले दोन किलो तांदूळ वाडग्यात ओतत होतो तेवढ्यात आई आली. त्या प्रसंगाचं वर्णन मी करत नाही. अक्रोडाची कवचं हवीत तर आधी अक्रोड खायला पाहिजेत आणि ते भाव बघून मी शेंगांच्या टरफलांकडे वळलो. आपल्या गावात चटणीमुळे शेंगांना काय तोटा नाही, टरफलं फुकट मिळाली, पण ती इतकी मऊ की अर्ध्या तासात त्यांचंच पीठ झालं आणि बाळकृष्ण आधी काळा होता तो आता काळा अधिक खाकी झाला.

शेवटी अक्कलकोट तालुक्यातला मामा कामाला आला. त्याच्याकडे दाणे काढून उरलेली कणसं चुलीत घालायला पोतंभर ठेवलेली असतात. ती त्यानं भरड गिरणीतून काढून दिली, मी चाळणीनं दोनदा चाळली, रव्यापेक्षा जाड आणि कण्यांपेक्षा बारीक असं काहीतरी जमलं. त्यात झाकणभर पॉलिश आणि धूळ पकडायला टॉवेलचे चार तुकडे टाकायचे. मेहुणा तिकडं कागदी रुमाल फाडून टाकतो, आपण सोलापूरकर, खऱ्या टॉवेलला काय कमी.

लिक्विड पॉलिशचं एक मध्येच सांगून टाकतो. बायको म्हणाली तो उग्र वासाचा पातळ पॉलिश आणा, झटक्यात निघतं. मेहुणा म्हणाला अजिबात नको, त्यात अमोनिया असतो, पुंगळ्यांना तो चालत नाही. रात्री मी वाचत बसलो तर कळलं की हे प्रकरण आपल्याच देशातलं. ब्रिटिशांच्या काळात हिंदुस्थानातल्या पलटणींची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली असायची आणि पितळी पुंगळ्यांना आपोआप तडे जायचे. ऋतू बघून तडकतात म्हणून त्या तडकण्यालाच ऋतूचं नाव दिलं. खरं कारण १९२१ मध्ये कळलं, घोड्यांच्या मुतातला अमोनिया. दाबून-ठोकून घडवलेल्या पितळेत जो ताण राहून गेलेला असतो त्याच्यावर तो बरोबर हल्ला करतो. मी हे जेवताना मोठ्या उत्साहानं सांगितलं. आई म्हणाली, "म्हणून मी म्हणत असते, देवघरात मांजर येऊ देऊ नका."

मग तो घंटेचा दिवस. आता माझी अक्कल बघा. नऊ एमएमची पुंगळी भरते जेमतेम चार ग्रॅम, मशीन तशा हलक्या, बारक्या, शेकड्यांनी येणाऱ्या वस्तूंसाठी केलेलं, आणि मी त्यात पाऊण किलोची घंटा घातली. भरडा कमी पडला, घंटा अर्धी वर राहिली, लोलक मोकळा. झाकण लावलं, बटण दाबलं आणि बँकेत गेलो. दुपारी अडीच ते साडेपाच, त्रेचाळीस डिग्री ऊन, अख्खी बिल्डिंग पंख्याखाली आडवी पडलेली, आणि आमच्या गॅलरीत अखंड आरती. आई झोपेच्या गोळीवर, बायको माहेरी. परत आलो तर जिन्यात वरच्या मजल्यावरच्या काकू आंघोळ करून, डोक्यावर पदर घेऊन उभ्या, हातात नारळ. "कसली पूजा हो? आम्हाला सांगितलं नाहीत." नारळ घ्यावा लागला. संध्याकाळी शिरा करून वाटावा लागला. आणि घंटा? जिथं भरडा लागला तिथंपर्यंत झकास, वरची अर्धी जशीच्या तशी. मधोमध इतकी सरळ रेघ की एखाद्यानं रंग दिलाय म्हणावं.

दुसऱ्या दिवशी मशीननं थरथरणं बंद केलं. मोटर फिरतेय, आवाज येतोय, वाडगं ढिम्म. हा रोग साधा, दांड्यावरचं वजन धरून ठेवणारा बारका स्क्रू ढिला पडतो, हे मेहुण्यानं सांगितलं होतं, पण तो स्क्रू काढायचा अ‍ॅलन की अमेरिकन इंचातला, माझ्याकडचे सगळे मिलिमीटरमधले. म्हणून ती रिक्षा आणि म्हणून अशोक चौकाकडचं मोटर रिवायंडिंगचं दुकान.

दुकानातले अण्णा साठीच्या पुढचे, चष्म्याला दोरी, भिंतीवर इथल्या विणकरांच्या सहस्रार्जुनाचा नाही तर मार्कंडेयाचा फोटो असणारच असं मला वाटलं तर मार्कंडेयच निघाला. त्यांनी गोणपाट सोडलं. "हे काय की मालक?"

मी आपला खरं सांगून मोकळा झालो, "काडतुसाच्या पुंगळ्या साफ करायचं मशीन."

अण्णांनी पोराला खूण केली आणि पोरानं शटर अर्धं खाली घेतलं. पुढची दहा मिनिटं मी अण्णांना समजावत होतो की पुंगळ्या तिकडं अमेरिकेत, इथं देव, आपल्याकडे शस्त्र कायदा आहे १९५९ चा, लायसन्सशिवाय काडतूस भरणं लांबच, जवळ बाळगताही येत नाही. मोबाईलमधला अर्ध्या चकचकीत घंटेचा फोटो दाखवला तेव्हा शटर वर गेलं. अण्णांनी मोटरची पाटी डोळ्याजवळ नेऊन वाचली. "ही साठ सायकलच्या लाईटवरची हाय. आपल्याकडं पन्नास. हळू फिरणार आन तापणार. तासाला पंधरा मिनिटं इसावा द्यायचा तिला." माणूस जाणता निघाला म्हणून मी निर्धास्त होऊन मशीन ठेवून आलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो तर अण्णा माझीच वाट बघत होते. मशीन टेबलावर, पुसून पासून. त्यांनी बटण दाबलं. मोटर सुरू झाली, नुसती हूं. मग अण्णांनी शर्टाच्या खिशातून दहाचं नाणं काढलं आणि वाडग्याच्या झाकणावर कडेवर उभं केलं. नाणं उभं राहिलं. अण्णांनी हात काढून घेतला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, नाणं तसंच उभं.

"थरथर बंद करून दिली, मालक. कंपनीनं चूक केल्याली, वजन एकाच साईडला. असं असतंय का कुठं? मी समोरच्या साईडला तेवढंच वजन मारून बॅलन्स केलो. आता धा वर्षं बघायचं काम नाही."

माझ्या तोंडातून शब्द फुटेना. एवढं सुंदर काम मी आयुष्यात बघितलं नव्हतं आणि ते सगळं उलटं करा म्हणून मला सांगायचं होतं.

"अण्णा, ते थरथरायलाच पाहिजे."

"क्यूं?" आश्चर्य फारच वाढलं की अण्णा हिंदीत जातात हे मला तेव्हा कळलं.

मी मूठभर भरडा आणि एक निरांजन घेऊन प्रात्यक्षिक दाखवलं, हातानं वाडगं हलवून दाखवलं. अण्णांनी सगळं बघितलं. मग बराच वेळ नाण्याकडे बघत राहिले. "चाळीस वर्षं मागाच्या मोटरी करलालोय. थरथर घालून द्या म्हणणारं गिऱ्हाईक तुम्ही पहिलंच." बॅलन्स केल्याचे तीनशे, बॅलन्स बिघडवल्याचे दीडशे. बिघडवायचे पैसे घेताना त्यांना मनापासून वाईट वाटत होतं, हे मला दिसत होतं. ते काढलेलं वजन त्यांनी कागदात गुंडाळून माझ्याबरोबर दिलं, कधी अक्कल आली तर परत बसवायला असावं म्हणून.

आता मशीन छान थरथरतंय. आणि भरड्याच्या बदल्यात मामानं कारहुणवीच्या, म्हणजे तिकडच्या बैलांच्या सणाच्या आधी बैलांच्या दोन घुंगरमाळा पाठवल्या, जरा चमकवून दे म्हणून. मी म्हणालो अरे हेच की, हलकं, बारकं, शेकड्यानं! माळा सोडवल्या, एकशे चार घुंगरं निघाली, तीन तास फिरवली, अण्णांनी सांगितल्याप्रमाणे मधे मधे इसावा दिला. बाहेर काढली तेव्हा बायकोनं पहिल्यांदा, लग्नानंतर बहुतेक पहिल्यांदाच, "अय्या" म्हटलं. एकेक असं चकाकत होतं की दिवा लावायची गरज नाही. तिनं मूठभर उचलली आणि कानाशी नेऊन हलवली.

काही नाही. परत हलवली. आवाज नाही.

प्रत्येक घुंगराच्या चिरेतून कणसाचा भरडा आत गेलेला आणि आतला खडा घट्ट रुतून बसलेला. एकशे चार. घंटा तीन तास थांबली नाही आणि ही बोलायला तयार नाहीत. मामा उद्या सकाळच्या एसटीनं माळा न्यायला येतोय.

रात्रीचे पावणेबारा वाजलेत. मी दाभण घेऊन फरशीवर बसलोय, एका घुंगरातून सरासरी सात-आठ कण निघतात, शेवटचा एक मुद्दाम निघत नाही. मघाशी अण्णांचा फोन येऊन गेला. "मालक, थरथरतंय न्हवं?" म्हटलं थरथरतंय. "मग बरं," म्हणाले, पण आवाजात काय आनंद नव्हता.

एकसष्ट झालीत. आई समोर बसलीय, मी झालं म्हणून ठेवलेलं एकेक उचलते, कानाशी नेते, हलवते. आत्ता एक हलवलं, परत हलवलं, आणि काही न बोलता उजवीकडच्या ढिगातून उचलून माझ्या डावीकडं ठेवलं. साठ.