हायलक्सला 4 ऐवजी 2 इंचच लिफ्ट का दिली: आपल्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार. आपला दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. तक्रारी तीन आहेत: आपल्या टोयोटा हायलक्स पिकअपला 4 इंच लिफ्ट (सस्पेन्शन बदलून गाडी उंच करणं) मागितली असताना 2 इंचच दिली, मागून गाडी आपटते आणि हायवेला स्टिअरिंग भरकटतं. आमचं जिथे चुकलं तेही लिहितो.

आधी 4 इंचांचं. हायलक्सच्या पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आहे आणि पुढचा डिफरन्शियल (इंजिनची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणारा गिअरचा डबा) चेसिसला बसवलेला असतो. गाडी उचलली की तो वर जातो, चाक जमिनीवरच राहतं आणि मधला शाफ्ट तिरका होतो. 2 इंचांपर्यंत हे निभावतं. त्यापुढे सीव्ही जॉइंटच्या, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या वळत्या सांध्याच्या, रबरी बूटच्या घड्या एकमेकींवर घासतात, बूट फाटतो, ग्रीस बाहेर उडतं, धूळ आत शिरते आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की चाकातून कटकट ऐकू येऊ लागते. हे टाळायचं तर डिफरन्शियल खाली घेणारे ब्रॅकेट, वेगळे अपर आर्म (चाक धरणारे वरचे दांडे), लांब ब्रेक होज, सगळंच आलं. आणि डिफरन्शियल खाली घेतला की त्याच्याखाली मिळालेली जागा पुन्हा कमी होते.

"दुसरीकडे फक्त स्पेसर टाकून देतात," असं आपण लिहिलंय. शॉकअपच्या डोक्यावर 1 इंचाचा स्पेसर (जाड चकती) टाकला तर चाकापाशी साधारण 2 इंच मिळतात, कारण शॉकअप आर्मच्या टोकाला नाही, बराच आत बसतो. पण खड्ड्यावर चाक लटकलं की तेही तेवढंच जास्त खाली जातं आणि तो ताण आर्म आणि चाक जोडणाऱ्या बॉल जॉइंटवर येतो. असं काम आम्ही करणार नाही. मागच्या एक्सलखालची जागा तर कुठल्याच लिफ्टने वाढत नाही. ती फक्त मोठ्या टायरने वाढते, तीसुद्धा टायरचा व्यास जितका वाढेल त्याच्या निम्मीच.

मागचं आपटणं खरं आहे. कॅनोपी, ड्रॉवर आणि फ्रिज हौद्यात कायम राहणार, असं ठरल्यामुळे 300 किलो कायम वजन पेलणारे पाटे (मागचे स्प्रिंग) बसवले. आपल्या फोटोत हौदा रिकामा आहे. एवढे कडक पाटे रिकाम्या गाडीत नीट दबतच नाहीत, म्हणून प्रत्येक स्पीडब्रेकरला मागचा भाग उडतो. शॉकअप बदलून हे जाणार नाही. मात्र 300 किलोचा आकडा आम्ही बिलावर लिहायला हवा होता, तो लिहिला नाही. ही आमची चूक.

स्टिअरिंगचं कारण कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे झुकलेला कोन. लिफ्टनंतर तो कमी होतो आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही. दुसऱ्या अलाइनमेंटला टो आणि कॅम्बर (चाकांचे बाकीचे दोन कोन) जुळले, कॅस्टर मर्यादेच्या खालच्या टोकाला राहिला. तेव्हाच तसं सांगून आपल्याला प्रिंट द्यायला हवी होती. खालच्या आर्मच्या कॅम बोल्टवर अजून थोडी जागा आहे. तेवढ्याने भागलं नाही तर अपर आर्म बदलू. दोन्हीची मजुरी आणि दुसऱ्या अलाइनमेंटचे पैसे आमच्याकडे.

येताना टाकी भरून, रोज जेवढं सामान नेता तेवढंच हौद्यात ठेवून वजनकाट्यावर पुढच्या आणि मागच्या एक्सलचं वजन वेगवेगळं करून घ्या आणि पावती आणा. त्यावरून एक पाटा काढायचा की पूर्ण सेट बदलायचा ते ठरवू. पाट्यांचे बुश गाडी चाकांवर उभी असतानाच आवळावे लागतात आणि यू-बोल्ट नवे टाकून 500 किमीला पुन्हा आवळावे लागतात, म्हणून एक पूर्ण दिवस धरा. हेडलाइटही त्याच दिवशी खाली घेऊ. लिफ्टनंतर ते राहून गेलं होतं आणि समोरच्याच्या डोळ्यांवर प्रकाश जातोय.