जवसाचं पाणी आणि सात दिवसांत ‘धुतलेली’ आतडी

निपाणीपासून खानापूरपर्यंत एक मेसेज फिरतोय, मराठीत आणि कन्नडमध्येही. मजकूर साधारण असा: रात्री दोन मोठे चमचे जवस भिजत घाला, सकाळी उपाशीपोटी अख्खे गिळा. सात दिवसांत आतड्याला चिकटलेली जुनी घाण निघते, बद्धकोष्ठता आणि मूळव्याध मुळापासून जातात. कच्चेच घ्या, भाजले की गुण संपला. नैसर्गिक आहे, अपाय काहीच नाही. गोळ्या बंद केल्या तरी चालतात.

जवस पोटाला चांगले, यात वाद नाही. वाद बाकीच्या सगळ्याबद्दल आहे.

‘जुनी घाण’ आधी घेऊ. लहान आतड्याचं आतलं अस्तर तीन ते पाच दिवसांत नवं होत असतं. वर्षानुवर्षांचा थर तिथे साचत नाही. भिजवलेल्या जवसावर जो बुळबुळीतपणा येतो तो सालीतला विद्राव्य तंतू, म्हणजे पाण्यात विरघळणारं फायबर. तो पाणी धरून ठेवतो, त्यामुळे मळ मऊ होतो आणि पुढे सरकतो. काम एवढंच, आणि तेही कमी नाही.

सात दिवसांचं म्हणाल तर, बद्धकोष्ठता असलेल्या मधुमेहींवरची एक चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात बिस्किटांतून रोज २० ग्रॅम जवस दिले होते. त्रास कमी झाला, पण चाचणी १२ आठवड्यांची होती.

अख्खे गिळण्यात नुकसानच. बियांची साल टणक असते. बरेचसे दाणे जसे गेले तसेच बाहेर पडतात आणि आतलं तेल अंगी लागत नाही. कुटून किंवा मिक्सरला फिरवूनच घ्यावेत. १०० ग्रॅम जवसात साधारण २७ ग्रॅम तंतू असतात, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांत पाचेक ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम सांगते. उरलेले जोंधळ्याच्या भाकरीतून, उसळीतून, पालेभाजीतूनच यायचे. सकाळी जवसाचं पाणी आणि दिवसभर पाव-बटर, यानं काय साधणार? (जवसाचं तेल घेणाऱ्यांनी तर लक्षात ठेवावं, तेलात तंतू नसतातच.)

आता ‘भाजू नका’. हे वाचून मला खरंच राग आला, कारण आपल्याकडच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या नेमकं उलट आणि बरोबर करत आल्या आहेत. मंद आचेवर तडतडेपर्यंत जवस भाजायचे, गार झाल्यावर लसूण, सुकी मिरची, जिरं, मीठ घालून कुटायचे. शेंगाच्या आणि कारळ्याच्या चटणीशेजारी तिसरी बरणी याच चटणीची. या आचेनं तंतू जळून जात नाहीत. शिवाय कच्च्या जवसात सायनाइड सुटू शकेल अशी काही द्रव्यं असतात. चमचा-दोन चमच्यांतलं शरीर सहज निभावतं, पण मूठ मूठ कच्चे खाणं शहाणपणाचं नाही. भाजल्यानं ती द्रव्यं कमी होतात. फक्त करपवू नका, आणि चटणी थोडी थोडीच करा. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त वाटा ओमेगा-३ चा, म्हणजे हवा लागली की लवकर बिघडणाऱ्या स्निग्धाचा असतो, म्हणून कुटलेली पूड लवकर खवट होते.

‘अपाय काहीच नाही’ म्हणणाऱ्यानं पाण्याचा उल्लेखही केलेला नाही. तंतू फुगतो. वरून पुरेसं पाणी प्यायलं नाही, तर बद्धकोष्ठता वाढते आणि क्वचित आतडं तुंबूही शकतं. आतडं अरुंद झालेल्यांनी किंवा गिळायला त्रास असलेल्यांनी या वाटेला जाऊच नये. इतरांनी छोट्या चमच्यानं सुरुवात करावी, नाहीतर गॅसनं पोट फुगतं.

मूळव्याधीत मळ मऊ झाला की कुंथावं लागत नाही, आराम पडतो. पण सुजलेले कोंब त्यानं नाहीसे होत नाहीत. आणि शौचातून रक्त म्हणजे मूळव्याधच, असंही नाही. रक्त पडतंय, वजन उतरतंय, पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदललीय, तर जवस राहू द्या, डॉक्टरकडे जा.

गोळ्या बंद करायला सांगणं तर घातकच. उलट जवसाच्या चिकट तंतूमुळे औषध शोषलं जायला उशीर होऊ शकतो, म्हणून दोन्हींमध्ये एक-दोन तासांचं अंतर ठेवा. रक्त पातळ करणारी किंवा साखरेची औषधं चालू असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी रोज घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं. भाकरीबरोबरच्या चिमूटभर चटणीसाठी मात्र कुणाला विचारायची गरज नाही.