एक पोतं पुट्टी, एक रविवार आणि बरीचशी थाप

दिवाळी जवळ आली की व्हॉट्सॲपवर रंगकामाचे सल्ले फिरू लागतात. त्यातला पुट्टीबद्दलचा, म्हणजे रंगाआधी भिंत गुळगुळीत करायला लावतात त्या लेपाबद्दलचा, एक मजकूर थोड्याफार फरकानं दरवर्षी येतो: ‘पेंटरला हजारो रुपये कशाला देता? एक पोतं पुट्टी आणि एक पत्ती (पुट्टी लावायचं पातळ पातं) आणा. जुना रंग खरवडायची गरज नाही. ओल असेल तर पुट्टीत पांढरा गोंद घाला, ओल कायमची बंद. खड्डे एकाच जाड हातात भरा, पंखा लावा, दोन तासांनी घासा, संध्याकाळी रंग. प्रायमर म्हणजे पेंटरचा पैसे काढायचा धंदा. एका रविवारी खोली आरशासारखी!’

भिंत घरच्या घरी गुळगुळीत करता येते, याबद्दल माझा वाद नाही. उलट ज्याला थोडा धीर आहे त्यानं ते जरूर करावं. पण या मजकुरातली सगळी हुशारी पोतं फोडल्यानंतर सुरू होते, आणि भिंतीचं खरं काम पोतं फोडायच्या आधीच असतं. पुट्टी खडबडीतपणा झाकते, भिंतीचा बिघाड काढत नाही. मजकुरातल्या क्रमानं जात नाही. ज्या वाक्यानं सगळ्यात जास्त नुकसान होतं तिथूनच धरतो.

‘गोंद घाला, ओल कायमची बंद.’ सुतारकामाचा हा पांढरा गोंद वाळल्यावर पक्का वाटतो, पण सतत ओलीत राहिला की पुन्हा मऊ पडतो. म्हणजे ज्या भिंतीसाठी तो सुचवलाय, नेमका तिथेच तो कुचकामी. आणि समजा पुट्टीचा थर अगदी अभेद्य झाला, तरी पाणी भिंतीच्या मागून येतंय. ते विटांमधले आणि गिलाव्यातले क्षार विरघळवून पृष्ठभागाकडे आणतं. पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतात आणि त्यांचे स्फटिक पुट्टीच्या पाठीशी वाढत जातात. तेच पुट्टीला ढकलून बाहेर काढतात. दिवाळीत लावलेली पुट्टी पुढच्या पावसाळ्यात पापुद्र्यासारखी सुटते, खाली पांढरं पीठ सांडतं आणि दोष मात्र पुट्टीच्या कंपनीला मिळतो.

ओल कुठून येते ते आधी शोधावं लागतं. एक सोपी चाचणी आहे. जाड प्लॅस्टिकचा फूटभर चौकोन कापून संशयित जागी चारही कडांनी चिकटपट्टीनं हवाबंद चिकटवा आणि दिवस-दोन दिवस तसाच ठेवा. थेंब प्लॅस्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला जमले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला जमले तर तो हवेतला दमटपणा आहे, खिडक्या उघडून निभेल. भिंतीतून येत असेल तर पलीकडे बाथरूम आहे का, वरच्या मजल्याचा नहाणी ट्रॅप (बाथरूमचं पाणी वाहून जायची जाळीखालची मोरी) गळतोय का, बाहेरच्या गिलाव्याला भेग आहे का, तळमजल्यावर जमिनीतून ओल चढतेय का, हे एकेक करून पाहायचं. सोसायटीत राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइपलाइनची गळती यांची दुरुस्ती संस्थेनं स्वखर्चानं करायची, असं महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत आहे. तेव्हा अशा वेळी पुट्टीचं पोतं आणण्याआधी सेक्रेटरीला लेखी अर्ज द्या. गळती बंद झाल्यावरही भिंत सुकायला आठवडे लागतात. वर आलेला क्षार कोरड्या ब्रशनंच झाडा. पाण्यानं धुतलात तर तो विरघळून परत भिंतीत जातो.

‘जुना रंग खरवडायची गरज नाही.’ पुट्टी भिंतीला चिकटते असं आपण म्हणतो, पण ती चिकटते सगळ्यात वरच्या थराला. तो थर वर्षानुवर्षं मारलेल्या चुन्याचा असेल, हात फिरवला की पांढरा होत असेल, तर पुट्टी त्या भुकटीवरच बसणार. सुकताना पुट्टी थोडी आकसते आणि खालच्या सगळ्यात कमजोर थराला ओढून काढते. पाहायचं असेल तर ब्लेडनं रंगावर फुलीसारख्या आडव्या-उभ्या रेघा ओढा, चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात उपटा. पट्टीबरोबर रंग आला तर खरवडणीला पर्याय नाही. चुना आणि डिस्टेंपर (पाण्यात कालवायचा स्वस्त रंग) पाण्यानं भिजवून पत्तीनं निघतात. ऑइल पेंट निघत नसेल तर निदान घासून त्याची चकाकी घालवावी लागते.

खरवडता खरवडता बोटाच्या पेरानं भिंत ठोकत जायची. घट्ट गिलावा टणक वाजतो, सुटलेला भद्द. भद्द वाजणारा भाग मन घट्ट करून पाडायचाच. त्यावर कितीही महागाची पुट्टी लावली तरी ती गिलाव्यासकट खाली येणार.

आता ज्या गोष्टीबद्दल मजकूर चकार शब्द काढत नाही ती. जुन्या चाळीत, शाळांत, दवाखान्यांत अर्ध्या भिंतीपर्यंत हिरवा नाहीतर तपकिरी ऑइल पेंटचा पट्टा असायचा. तसे जुने रंग शिशाचे असण्याची शक्यता मोठी. घरगुती रंगांमधल्या शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आली ती २०१६च्या नियमांनी, आणि ती लागू झाली नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीचा ऑइल पेंट कोरडा घासून त्याची धूळ घरभर उडवणं म्हणजे लहान मुलांना ते शिसं चारणं. असा रंग ओला करूनच खरवडा, खाली प्लॅस्टिक अंथरा, मुलांना आणि गरोदर बाईला त्या दिवसांत दुसरीकडे पाठवा आणि शेवटी केरसुणी न फिरवता ओल्या फडक्यानं पुसून घ्या. पुट्टी घासतानाही तोंडाला रुमाल पुरत नाही, बारीक धूळ अडवणारा मास्क लागतो. हातमोजे तर लागतातच, कारण पांढऱ्या सिमेंटची पुट्टी तीव्र अल्कधर्मी असते आणि दिवसभर उघड्या हातांनी माल कालवला की बोटांची कातडी सोलते.

‘खड्डे एकाच जाड हातात भरा.’ नेहमीची सिमेंट पुट्टी दोन हात, म्हणजे दोन थर, मिळून साधारण दीड मिलिमीटरच्या थरासाठी बनवलेली असते. पोत्यावरच छापलेलं असतं, वाचायचं असतं एवढंच. जाड थर दिला की वरची साय आधी सुकते, आतला माल ओला राहतो आणि पृष्ठभागावर जाळीदार भेगा पडतात. स्विचबोर्ड हलवल्यावर राहिलेला खड्डा, खिळ्यांनी उकललेला गिलावा यांसाठी सिमेंट-वाळूचा माल लावायचा. खड्ड्याच्या कडा ओल्या करायच्या, माल भरायचा आणि काही दिवस पाणी मारायचं. दोन-चार मिलिमीटरच्या उंचसखलपणासाठी जाड थराची वेगळी पुट्टी मिळते. बीम आणि विटांच्या सांध्यावर दरवर्षी उघडणारी आडवी भेग नुसत्या पुट्टीनं कधीच बुजत नाही, कारण तिथे दोन वेगळे पदार्थ वेगवेगळे हलत असतात. तिथे भेग थोडी रुंद करून, भरून, वर फायबरची जाळीपट्टी बसवावी लागते.

‘एक पोतं, एक रविवार.’ हिशेबच करू. १० बाय १० ची खोली, उंची १० फूट, म्हणजे चार भिंती ४०० चौरस फूट. दारं-खिडक्या वजा जाता ३५० धरा. त्यावर दीड मिलिमीटरचा थर म्हणजे जवळपास ५० लिटर ओला माल. एवढा माल ४० किलोच्या पोत्यातून निघत नाही. पोत्यावर जो चौरस फुटांचा आकडा असतो तो चांगल्या सपाट भिंतीसाठी असतो, आणि तुमची भिंत सपाट असती तर तुम्ही या भानगडीत पडलाच नसता. शिवाय कालवलेला माल दोन-तीन तासांत वापरून संपवावा लागतो. नवशिक्यानं एका वेळी दोन-तीन किलोच कालवावा. आधी पाणी घ्यायचं, त्यात पावडर सोडायची, गुठळ्या मोडायच्या, दहाएक मिनिटं मुरू द्यायचं आणि पुन्हा ढवळायचं. घट्ट झालेल्या मालात वरून पाणी ओतून तो ‘जिवंत’ करू नका.

पंख्याचं तर काही विचारूच नका. सिमेंटला घट्ट व्हायला पाणी लागतं. म्हणून तर पुट्टीआधी गिलाव्यावर पाणी शिंपडतात. पंखा लावून ते पाणी पळवलं की थर सुकतो पण बसत नाही, आणि हात फिरवला की पिठासारखा निघतो. पहिल्या हातानंतर निदान तीन-चार तास, दमट हवेत रात्रभर थांबा. घासायचं ते दुसरा हात पूर्ण सुकल्यावर, बारीक पॉलिश पेपरनं.

आणि घासायचं रात्री. दिवसा खिडकीच्या उजेडात भिंत सपाटच दिसते. दिवे मालवून मोबाइलचा टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा धरला की पत्तीची प्रत्येक कड सावली टाकते, प्रत्येक खळगा दिसतो. पेन्सिलनं तिथे खुणा करा आणि तेवढंच घासा किंवा भरा. सगळी भिंत सरसकट घासत बसणारा माणूस उंचवटे कमी करताना नवे खळगे पाडतो.

प्रायमरबाबत, म्हणजे रंगाआधी लावायच्या अस्तराबाबत, मजकूर अर्धा बरोबर आहे, हे मान्य करतो. सिमेंट पुट्टीच्या खाली प्रायमर नको, ती थेट ओलसर गिलाव्यावर बसते. पण पुट्टीच्या वर, विशेषतः जिथे ठिकठिकाणी खड्डे भरलेत तिथे, प्रायमर नसेल तर भरलेली जागा रंग जास्त पिते आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात भिंतीवर सगळे डाग उठून दिसतात. हा धंदा पेंटरचा असला तरी इथे फायदा तुमचाच आहे.

दोन प्रकारच्या भिंतींवर हे सगळं जसंच्या तसं करू नये. नव्या फ्लॅटमध्ये आतून बऱ्याचदा जिप्समचा गिलावा असतो. तो पाणी मारून भिजवायचा नसतो आणि त्यावर पुट्टी निवडताना पोत्यावर तसं लिहिलंय का ते पाहावं. दुसरी म्हणजे मातीची किंवा चुन्याच्या गिलाव्याची जुनी भिंत, वाड्यातली असो की कोकणातल्या चिऱ्याच्या घरातली. तिला ओल बाहेर सोडायची सवय असते. सिमेंटचा थर ती वाट अडवतो. तिथे चुन्याचाच गिलावा आणि चुनाच बरा.

राहिला पेंटर. भिंतींसाठी तो लागतोच असं नाही. सुरुवात कपाटामागच्या भिंतीनं करा, मग दिवाणखाना. छत मात्र कामगाराला द्या. डोक्यावर हात उंचावून दोन हात पुट्टी मारणं हे मानेचं काम आहे, आणि घोडीवरून पडल्यावर येणाऱ्या खर्चात दोन खोल्यांचं रंगकाम आरामात होतं.