न्यायालयाने ते गाणे खरे ठरवलेले नाही

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या, अहिराणीतून रॅप लिहिणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मजकूर सध्या हातोहात पुढे जातो आहे. ‘कोर्टनी बी मान्य कयं, गानं खरं शे’ असा त्याचा मथळा आहे आणि खाली चार विधाने आहेत. कॅनडाचा रॅपर ड्रेक याने अमेरिकन रॅपर केंड्रिक लमारला कोर्टात खेचले. न्यायाधीशांनी चौकशी करून ‘नॉट लाइक अस’ या गाण्यातले आरोप खरे असल्याचा निर्वाळा दिला. ग्रॅमीने, म्हणजे अमेरिकेतल्या मानाच्या संगीत पुरस्कारांनी, पाच पुरस्कार देऊन त्यावर आधीच शिक्कामोर्तब केले होते. आणि म्हणून डिस ट्रॅकमध्ये, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला डिवचणाऱ्या रॅप गाण्यात, कोणाचेही नाव घेऊन काहीही म्हणण्याची कायद्याने मोकळीक आहे. ही चारही विधाने चुकीची आहेत. त्यांतले चौथे तर धोक्याचे आहे, कारण त्याची किंमत लॉस एंजेलिसमधल्या कोणाला नव्हे, तर अमळनेर किंवा शिरपूरच्या एखाद्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला मोजावी लागेल.

ज्यांना हा वाद ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मार्च 2024 मध्ये ‘लाइक दॅट’ या गाण्यातल्या केंड्रिकच्या कडव्याने जुनी धुसफूस उघड्यावर आणली आणि एप्रिल-मे महिन्यांत दोघांनी एकमेकांवर गाण्यांमागून गाणी सोडली. ड्रेकने केंड्रिकवर जोडीदाराला मारहाण केल्याचा आरोप केला, तर केंड्रिकने ड्रेकवर अल्पवयीन मुलींच्या संदर्भात अत्यंत गंभीर आरोप केला, जो ड्रेकने फेटाळला. ‘नॉट लाइक अस’ हे 4 मे 2024 रोजी आले आणि सर्वांत जास्त गाजले.

पहिल्या विधानाला फार वेळ देण्याचे कारण नाही. ड्रेकने जानेवारी 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात जो दावा लावला, तो युनिव्हर्सल म्युझिक ग्रुप या कंपनीवर होता. ही कंपनी दोघांचेही संगीत बाजारात आणते. आरोप खोटे असल्याचे माहीत असूनही कंपनीने गाणे प्रसारित केले आणि त्याचा गाजावाजा केला, असे ड्रेकचे म्हणणे होते. केंड्रिक त्या दाव्यात प्रतिवादी नव्हताच.

दुसरे विधान मात्र नीट तपासायला हवे, कारण त्यात अर्धे सत्य आहे आणि उरलेले अर्धे त्याच्या नेमके उलट आहे. ड्रेकचा दावा 9 ऑक्टोबर 2025 रोजी फेटाळला गेला, हे खरे. पण न्यायाधीश जेनेट वर्गास यांनी आरोपांच्या खरेखोटेपणाची चौकशी केलीच नाही. दावा अगदी सुरुवातीच्या टप्प्यावर निकाली निघाला. तिथे साक्षी-पुरावे घेतले जात नाहीत. न्यायालयापुढचा प्रश्न वेगळा होता. समंजस श्रोता हे गाणे ऐकताना ‘ही तपासून मांडलेली वस्तुस्थिती आहे’ असे समजेल काय, एवढाच तो प्रश्न होता, आणि उत्तर ‘नाही’ असे आले. दोन रॅपरांच्या तापलेल्या शाब्दिक युद्धात, दोन्ही बाजूंनी चिखलफेक चालू असताना आलेले हे शब्द अतिशयोक्तीचे आणि मताच्या स्वरूपाचे आहेत, म्हणून ते बदनामीच्या दाव्याला पात्र ठरत नाहीत, असा तो निकाल आहे. याच आरोपाची थट्टा करीत केंड्रिकला तो बोलून दाखवण्याचे आव्हान ड्रेकने स्वतः आपल्या ‘टेलर मेड फ्रीस्टाइल’ या गाण्यात दिले होते, तेही दिवंगत रॅपर टुपाक शकूरच्या, कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या आवाजात. निकालात या गोष्टीचीही दखल घेतलेली आहे. (टुपाकच्या वारसांनी कायदेशीर इशारा दिल्यावर ड्रेकला ते गाणे मागे घ्यावे लागले.)

म्हणजे ज्या निकालाच्या जोरावर ‘गानं खरं शे’ म्हटले जाते, तोच निकाल सांगतो की हे गाणे खबर म्हणून ऐकण्याची वस्तूच नव्हे. खान्देशातल्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. आपल्याकडे लग्नाच्या मांडवात बाया याहीणला (विहिणीला) उद्देशून चिडवणारी गाणी म्हणतात, तिच्या खाण्यापिण्यावरून, चालीवरून, हातचलाखीवरून काय काय म्हणतात. पण ते ऐकून कोणी याहीणला चोर ठरवत नाही आणि याहीणही पोलीस पाटलाकडे जात नाही. गाणे कोणत्या प्रसंगी, कोणत्या रीतीने म्हटले जाते, यावरूनच ऐकणारा त्यातल्या शब्दांचे वजन ठरवतो. न्यायालयाने हेच तत्त्व डिस ट्रॅकला लावले. ते कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. ड्रेकला ते पटले नाही आणि त्याने अपिलाचा मार्ग धरला. त्या अपिलाचे काहीही झाले, तरी या निकालाने केंड्रिकचे आरोप सिद्ध होत नाहीत.

ग्रॅमीबद्दलचे विधान त्याहून भोळे आहे. 2 फेब्रुवारी 2025 रोजी या गाण्याला रेकॉर्ड ऑफ द इयर, साँग ऑफ द इयर, सर्वोत्तम रॅप सादरीकरण, सर्वोत्तम रॅप गीत आणि सर्वोत्तम संगीत व्हिडिओ असे पाच पुरस्कार मिळाले. ते रेकॉर्डिंग अकॅडमीच्या सभासदांच्या, म्हणजे गायक, वादक, गीतकार, निर्माते आणि ध्वनितंत्रज्ञ यांच्या मतांनी ठरतात. संगीतनिर्माता मस्टर्डने बांधलेला तो ठेका, त्यावर केंड्रिकची बदलती फेक, हजारो लोकांना एका आवाजात ओढून घेणारे ध्रुपद, यांना ती मते मिळाली. शिवाय पुढच्याच आठवड्यात, 9 फेब्रुवारीला, सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या मध्यंतरात हे गाणे म्हणताना केंड्रिकने ड्रेकवरच्या आरोपातला सर्वांत जळजळीत शब्द उच्चारला नाही. न्यायालयाचा निकाल तेव्हा यायचा होता. ‘सिद्ध झाले’ असे छातीठोकपणे पुढे पाठवणाऱ्यांनी या गाळलेल्या शब्दाचा विचार जरूर करावा.

आता चौथे विधान. अमेरिकेतल्या एका जिल्हा न्यायालयाचा, तिथल्या राज्यघटनेच्या आणि न्यूयॉर्कच्या कायद्याच्या चौकटीतला, एका विशिष्ट वादापुरता निकाल धुळ्याच्या न्यायालयाला बंधनकारक नाही, हे तर झालेच. पण मुळात आपला कायदा वेगळा आहे. भारतात बदनामी हा फौजदारी गुन्हा आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये त्यासाठी दोन वर्षांपर्यंत साधा कारावास, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. ही तरतूद भारतीय दंड संहितेत होती तेव्हाच, 2016 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली होती. आणि ‘मी खरे तेच बोललो’ एवढा बचाव इथे पुरत नाही. जे बोललो ते लोकहितासाठी होते, हेही दाखवावे लागते. प्रतिस्पर्ध्यावर लैंगिक गुन्ह्याचा आरोप करताना एखाद्या पीडित अल्पवयीन मुलीचे नाव, शाळा किंवा गल्ली जरी गाण्यात आली, तरी बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पॉक्सो कायद्याचे, पीडित बालकाची ओळख उघड करण्यास मनाई करणारे कलम 23 समोर उभे राहते.

कायदा बाजूला ठेवला, तरी ड्रेक आणि केंड्रिक यांच्यापाशी वकिलांच्या फौजा आणि सुरक्षारक्षक आहेत, हे विसरून चालणार नाही. ‘नॉट लाइक अस’च्या मुखपृष्ठावर ड्रेकच्या टोरांटोतल्या घराचे वरून घेतलेले चित्र होते. गाणे आल्यानंतर काही दिवसांतच, 7 मे 2024 रोजी, त्या घराबाहेर गोळीबार होऊन एक सुरक्षारक्षक गंभीर जखमी झाला. गाणे आणि गोळीबार यांचा संबंध ड्रेकने आपल्या दाव्यात लावला. तो सिद्ध झालेला नाही आणि मीही तो सिद्ध मानत नाही. पण आपल्याकडे दोन रॅपर एकाच तालुक्यातले असतात, एकाच एसटीने कॉलेजला जातात, आणि ज्याच्या बहिणीचे नाव गाण्यात आले त्याचे घर शोधायला कोणाला मुखपृष्ठ लागत नाही.

‘मंग आपन काय गाऊ?’ असे ही मुले विचारतात आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर त्याच गाण्यात आहे, फक्त फिरत्या मजकुराने त्याचा उल्लेख टाळला आहे. तिसऱ्या कडव्यात केंड्रिक तो आरोप बाजूला ठेवून अटलांटा शहराच्या इतिहासाकडे, तिथल्या गुलामगिरीच्या काळाकडे वळतो आणि मग तिथल्या रॅपरांची एकेक नावे घेत म्हणतो, की ड्रेक त्यांच्याकडे पाहुणा म्हणून येतो आणि त्यांचा ढंग, त्यांची वट घेऊन जातो. माझ्या मते ड्रेकच्या कलावंतपणावरचा खरा घाव तो आहे. तिथे प्रतिस्पर्ध्याच्या खासगी आयुष्याला हात लावलेला नाही. वार त्याच्या कामावर आहे आणि ज्याला हवे त्याने ड्रेकची गाणी ऐकून तो पडताळून पाहावा. आपल्या भागातही असा वार करायला भरपूर जागा आहे. कोणी मुंबईच्या रॅपरची लकब जशीच्या तशी उचलून तिला अहिराणी म्हणवतो, कोणी इंटरनेटवरून घेतलेला बीट स्वतःचा म्हणून खपवतो, कोणी दर ओळीच्या शेवटी ‘शे’ (आहे) लावून यमक जुळले असे समजतो. यावर नाव घेऊन, हवे तितके बोचरे लिहावे. दोन्ही गाणी लागोपाठ लावून चाळीसगावच्या चौकातला कोणीही सांगू शकेल, की बोलणारा खरे बोलतो आहे की नाही.