टीव्हीवरच्या धड्याने मेंदू झोपत नाही

ताई पाचवीला विज्ञान शिकवते. गेल्या आठवड्यात पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी तो सगळीकडे फिरणारा मेसेज टाकला आणि खाली लिहिलं, "बाई, आमच्या मुलांवर हे प्रयोग नकोत." दुसऱ्या दिवसापासून ताईने वर्गात शैक्षणिक कार्यक्रम दाखवणं थांबवलं. वीस वर्षं शिकवणारी बाई एका फॉरवर्डपुढे गप्प बसली, हे मला सहन झालं नाही.

मेसेजमध्ये चार गोष्टी ठासून सांगितल्यात. टीव्ही लावला की तीस सेकंदांत मुलाचा मेंदू झोपतो. शाळेसाठीच्या कार्यक्रमांतून जगात एकही मूल काही शिकलेलं नाही. हे सगळं शिक्षकांना घरी बसवायला चाललंय. आणि वर्गात टीव्ही लावणारा शिक्षक कामचुकार असतो.

पहिलाच दावा सर्वांत घातक, कारण तो 'शास्त्राने सिद्ध' असा शिक्का मारून येतो आणि पालक घाबरतात. असं म्हणणारे हमखास ज्या प्रयोगाकडे बोट दाखवतात, तो हर्बर्ट क्रुगमन यांचा, १९७० च्या आसपासचा. क्रुगमन जाहिरातींचा परिणाम अभ्यासत. टीव्हीवरच्या जाहिराती बघताना मेंदूतल्या लहरी कशा बदलतात, हे त्यांनी मोजलं. किती जणांवर? एका तरुणीवर! त्यात ना मूल होतं, ना वर्ग, ना धडा. तिच्या मेंदूत संथ लहरी वाढलेल्या दिसल्या, एवढंच. त्याला झोप म्हणत नाहीत. एका बाईने जाहिराती पाहिल्या, म्हणून पाचवीतल्या मुलाचा मेंदू विज्ञानाच्या धड्याला बंद पडतो?

मुलं खरंच कशी बघतात, हे डॅनियल अँडरसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसोबत तपासलं. लहान मुलांना दाखवायच्या कार्यक्रमात त्यांनी मुद्दाम घोळ घातला: कुठे दृश्यांचा क्रम विस्कटला, कुठे बोलणं उलटं वाजवलं. चित्रं तितकीच रंगीत होती, तितकीच हलती होती. तरी मुलांचं लक्ष कमी झालं. म्हणजे मूल अर्थ लावत बघतं, आणि अर्थ लागेनासा झाला की मान वळवतं. झोपलेला मेंदू हे करत नाही.

'एकही मूल शिकलं नाही' हे तर आकड्यांपुढे टिकतच नाही. गॉडविन चू आणि विल्बर श्रॅम या संशोधकांनी १९६७ मध्ये तोवरचे २०७ अभ्यास एकत्र केले. त्यांत टीव्हीवरून शिकवणं आणि नेहमीसारखं शिकवणं यांच्या ४२१ तुलना होत्या. ३०८ ठिकाणी फरक नाही, ६३ ठिकाणी टीव्ही सरस, ५० ठिकाणी नेहमीचा वर्ग सरस. टीव्ही म्हणजे जादूची कांडी, असं यातून कुणी म्हणू नये; मीही म्हणत नाही. पण मुलं शिकतात, हे इतकं जुनं आणि इतकं स्पष्ट आहे. मेक्सिकोत १९६८ पासून ग्रामीण भागातल्या माध्यमिक शाळा टीव्हीवरच्या धड्यांच्या आधाराने चालतात, कारण तिथे प्रत्येक विषयाला वेगळा शिक्षक मिळत नव्हता. त्या मुलांना काय सांगायचं?

शिक्षकांना घरी बसवण्याच्या गोष्टीत थोडं तथ्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. प्रशांत महासागरातल्या अमेरिकन सामोआ बेटांवर १९६४ पासून मुख्य धडाच टीव्हीवरून द्यायचा आणि वर्गातल्या शिक्षकाने त्याचा सराव घ्यायचा, असा घाट घातला गेला. वरच्या वर्गांतली मुलं आणि शिक्षक त्याला कंटाळले आणि पुढे तो पसारा आवरावा लागला. पण त्यात चूक होती ती शिक्षकाला दुय्यम करण्याची. भारतात १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून सुमारे २,४०० गावांत कार्यक्रम पोचवण्याचा 'साइट' प्रयोग झाला. सकाळी मुलांसाठी शालेय कार्यक्रम असत आणि त्याच यंत्रणेतून हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचं प्रशिक्षण दिलं गेलं. शिक्षक हाकलायचा असता तर त्याला प्रशिक्षण कशाला दिलं असतं?

राहिला कामचुकारपणा. टीव्ही लावून स्टाफरूममध्ये जाऊन बसणारे असतात, त्यांची बाजू मी घेणार नाही. पण मी एकदा ताईच्या वर्गात मागच्या बाकावर बसलो होतो. बी रुजण्याचा कार्यक्रम होता. कित्येक दिवसांची वाढ अर्ध्या मिनिटात दिसते, तसला. बी फुगलं, साल तडकली आणि ताईने तिथेच थांबवलं. "आधी काय बाहेर येईल? मूळ की पान?" वर्ग दोन्ही बाजूंनी ओरडायला लागला. एक मुलगी पानावर अडून बसली, "उजेड हवा ना त्याला!" मग ताईने पुढे चालू केलं. पांढरं टोक बाहेर आलं आणि हळूच खाली वळलं. ती मुलगी क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "बाई, बी उलटं ठेवलं तर?"

दुसऱ्या दिवशी ओल्या कापसात बिया ठेवल्या, तिची मुद्दाम उलटी. चार-पाच दिवसांनी ताईने मला फोटो पाठवला. मूळ वरून निघून वाकडं होत खाली गेलं होतं, आणि शेजारच्या वहीत त्या मुलीने तेच चित्र काढून वळणाशी बाण केला होता.

ताई, सोमवारी पुढचा भाग लाव. ग्रुपवर उत्तर म्हणून हे सगळं मी टाकतो, तो फोटोही.