झाकणाची गोष्टही हवी होती

चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या कुंडांवरचा (ख्रिस्ती दीक्षाविधीचं पाणी ठेवायच्या कुंडांवरचा) तुमचा लेख आवडला, पण कुंडावरचं झाकण निव्वळ शोभेचं असल्यासारखं एका ओळीत उरकलंय, ते खटकलं. मंत्रवलेलं पाणी कुंडात साठवून ठेवत आणि लोक ते जादूटोण्यासाठी चोरत. म्हणून इंग्लंडमधल्या कँटरबरीचे आर्चबिशप (वरिष्ठ धर्मगुरू) एडमंड यांनी १२३६ मध्ये कुंडांना कुलूप लावायचा आदेश दिला. जुन्या कुंडांच्या काठावर कडी-बिजागरीच्या खुणा अजून दिसतात.

पुढे झाकणाच्या साध्या फळीची कलाकृती झाली. इंग्लंडच्याच सफोक परगण्यातल्या उफर्ड गावच्या सेंट मेरी चर्चमधलं पंधराव्या शतकातलं लाकडी झाकण बघाच. सुमारे १८ फूट उंच, टोकाला पिल्लांसाठी स्वतःची छाती फोडणारा पेलिकन पक्षी, आणि खालचा भाग वरच्या भागावर सरकवून कुंड उघडायची सोय! १६४४ मध्ये मूर्तिभंजक विल्यम डाउझिंग तिथे दोनदा आला. दुसऱ्या खेपेला गावकऱ्यांनी चर्चच्या किल्लीसाठी त्याला दोन तासांहून जास्त ताटकळत ठेवलं. या झाकणाचं वर्णन त्याने रोजनिशीत चक्क ‘वैभवशाली’ असं केलंय. चर्चमधलं बरंच काही त्याने फोडायला लावलं, झाकण मात्र वाचलं. त्या गावकऱ्यांबद्दल मला फार आदर वाटतो. पुढच्या भागात उफर्डवर सविस्तर लिहाल का?